मांजर सोफा फाडते म्हणून बाजारात सोडणार? थांबा, आधी हे वाचा



मे महिना संपत आला होता. बोटी वर घ्यायची घाई, जाळी घरी न्यायची घाई. अशात सोसायटीच्या मोबाईलवर हैदराबादहून एक मेसेज आला. आपल्याच कोळीवाड्यातली लेक, लग्न होऊन तिकडे गेलेली. मेसेज एवढाच होता : "दादा, आईची मांजर गावात कोणी सांभाळेल का? आम्ही गाडीने आणून देतो. लवकर सांगा."

आम्ही फोन लावला. मग सगळं कळलं. आज ते इथं लिहितोय, कारण मांजर नाही असं घर आपल्या वाड्यात शोधून सापडायचं नाही, आणि आता आपली पोरंही फ्लॅटमध्ये, सोफासेटवाल्या घरात राहायला लागलीत. ही अडचण उद्या तुमच्याही दारात येईल. त्या घरच्यांना विचारूनच लिहितोय, नावं मात्र कोणाची घालत नाही.

या लेकीचे वडील आपल्यातले जुने नाखवा. ते गेले, बोट विकली गेली. मावशी घरात एकट्या पडल्या, म्हणून लेक-जावयाने त्यांना हैदराबादला नेलं. मावशी म्हणाल्या, येते, पण मांदेलीला घेऊन. मांदेली म्हणजे नाखव्यांची पिवळी मांजर. जाळ्यांच्या ढिगावर झोपायची, उंदराला जाळ्याच्या वाऱ्याला उभं राहू द्यायची नाही. जावयांनी काही कुरकुर केली नाही. टोपलीत घालून, सोलापूरमार्गे सातशेएक किलोमीटर गाडीतून मांजर हैदराबादला पोचली. तिसरा मजला, दोन खोल्या, बाल्कनी.

पहिले आठ दिवस मांदेली पलंगाखालून बाहेर आली नाही. मग आली, आणि सोफ्याच्या कोपऱ्याला लागली. दोन महिन्यांत एका बाजूचं कापड फाटून आतला फोम दिसायला लागला. सोफ्याचे हप्ते अजून चालू! पडद्याचे धागे निघाले. तरी जावई गप्प होते. पण एक दिवस मांदेलीने सतरंजी धरली.

ही सतरंजी वरंगळची. वरंगळची सुती सतरंजी हैदराबादेत घराघरात असते. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण या घरातल्या सतरंजीची किंमत मानांकनाने ठरत नव्हती. ती जावयांच्या आईने घेतलेली. ती माऊली आता नाही. सतरंजीच्या मधोमध वीतभर धागे उपसलेले बघून जावई म्हणाले, "आई, माझ्या आईची एवढीच एक वस्तू या घरात राहिलीय." आवाज चढवला नाही त्यांनी. मावशींनाही काय बोलावं सुचलं नाही.

रात्री ठरलं, मांजर मासळीबाजारात सोडायची. रामनगरला मोठा मासळीबाजार आहे, तिथं खायला मिळेल, उपाशी मरणार नाही. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिला बाजारान सोरणार असाल त मना पन तिकरंच सोरा."

दुसऱ्या दिवशी लेकीने आम्हाला मेसेज केला.

मंडळी, आमचं पहिलं उत्तर "पाठवून द्या, बघू" असंच होतं. पण आमच्यातला एक जण म्हणाला, मांजर परत आली तर मावशीही परत येणार, आणि इथं त्यांच्या घराला कुलूप आहे. आधी मांजर ओरबाडते का ते तरी बघूया. मग आम्ही जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, वाचलं. कळलं ते असं.

मांजर का ओरबाडते?

पहिली गोष्ट, ती खुन्नस काढत नाही. "रागावले म्हणून मुद्दाम सोफा फाडला" असं आपण म्हणतो, पण मांजराच्या डोक्यात सोफ्याची किंमत नसते. ओरबाडणं ही तिची गरज आहे. आपण सकाळी उठून आळस देतो तशी.

मांजराची नखं थरांनी वाढतात. बाहेरचा थर जुना झाला की टरफलासारखा सुटतो, आत नवं टोकदार नख तयार असतं. ते टरफल काढायला तिला काहीतरी खरबरीत लागतं. सोफ्याखाली झाडू मारताना चंद्रकोरीसारखी टरफलं सापडतात, ती हीच.

दुसरं, उठल्यावर पुढचे पाय उंच रोवून ती अंग ताणते. खांद्यापासून पाठीपर्यंतचे स्नायू मोकळे होतात. म्हणून झोपायच्या जागेजवळची वस्तू आधी फाटते.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. मांजराच्या पंजात, बोटांच्या मध्ये वासाच्या ग्रंथी असतात. ओरबाडताना तो वास तिथं लागतो. आपल्या नाकाला तो कळत नाही, पण दुसऱ्या मांजराला कळतो. "ही जागा माझी" असा तो बोर्ड. ताडोबातला वाघ झाडाच्या खोडावर नखांचे ओरखडे काढतो, त्यातही हद्दीची खूण असतेच. वाघाला साग, मांदेलीला सोफा.

आता मांदेलीची गत बघा. सगळा कोळीवाडा तिची हद्द होती. ओटा, होडीचा लाकडी काठ, माडाचं खोड, जाळ्यांचा ढीग, पाहिजे तिथं नखं घासायची. ती एका दिवसात उचलून तिसऱ्या मजल्यावर आणली. वास नवे, आवाज नवे, खिडकीखाली परकी मांजरं. घर बदललं की मांजर घाबरते, आणि घाबरलेली मांजर जास्त ओरबाडते, कारण आपला वास लागला की तिला धीर येतो. आणि खरबरीत असं त्या घरात होतं काय? सोफा, पडदा आणि सतरंजी.

म्हणजे मांजर बिघडली नव्हती. तिला नखं घासायला जागाच नव्हती.

बाजारात सोडणं हा उपाय का नाही

आपल्याला वाटतं, मासळीबाजार म्हणजे मांजराचा स्वर्ग. पण तिथं आधीच मांजरं-कुत्री असतात, त्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. माणसाच्या मांडीवर वाढलेली, तिथल्या वाटा माहीत नसलेली मांजर तिथं टिकणं कठीण. ती घर शोधत रस्त्यावर येते आणि गाडीखाली जाते. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात उपासमारीची वेळ येईल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे.

काही जण विचारतात, नखंच काढून टाकली तर? तसं ऑपरेशन परदेशात व्हायचं. त्यात नुसतं नख जात नाही, बोटाचं शेवटचं हाड कापतात. म्हणजे आपल्या बोटाचं पेर तोडल्यासारखं. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडेही जनावराचा अवयव असा तोडणं कायद्यात बसत नाही. तो विचारच नको.

मग काय केलं?

बंदी लागल्यावर आम्हा दोघांना हैदराबादला जायचंच होतं. राष्ट्रीय मत्स्य विकास मंडळाचं मुख्य कार्यालय तिथं आहे, ती माशाच्या आकाराची इमारत तुम्ही फोटोत पाहिली असेल. तिथं सोसायटीचं काम होतं. निघताना मावशींच्या मुलाने एक वस्तू हातात दिली. नाखव्यांचं तुटलेलं वल्हं. पातं गेलेलं, दांडा शाबूत. म्हणाला, "आईनं माळ्यावर जपून ठेवलंय. मांजरासाठी खांब करायचा म्हणता ना, यालाच करा." गाडीत लोक बघत होते, पण नेलं.

मावशींनी वल्हं बघितलं आणि हातात घेऊन बसल्या. आम्हाला वाटलं, नको म्हणतील. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्यांचे हातान व्हता तवा पन ती याच्यावरच नखा घाशीत व्हती." आणि दांड्यावरचे जुने ओरखडे दाखवले. खरंच होते.

खांब असा केला. तुम्हीही करू शकता :

१. उंची : दांडा तीन फुटांचा कापला. मांजराला मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण अंग ताणता आलं पाहिजे. बुटका खांब ती वापरत नाही.

२. बूड : जाड फळीवर दांडा पक्का ठोकला आणि फळीवर फरशीचा तुकडा ठेवून वजन दिलं. खांब एकदा जरी हलला किंवा अंगावर पडला, तर मांजर पुन्हा त्याच्याकडे बघणार नाही.

३. दोर : दोर बेगम बाजारातून आणला, घायपाताचा. मराठवाड्यात यालाच केकताडाचा दोर म्हणतात. काथ्याचा किंवा तागाचा जाड दोरही चालतो. आपल्या बोटीवरचा नायलॉनचा किंवा प्लास्टिकचा दोर मात्र नको. त्यात नखं नीट रुतत नाहीत, वर त्याचे तंतू सुटून पोटात जातात. डिझेल, ऑईल, रंग लागलेला जुना दोर तर अजिबात नको.

४. गुंडाळणी : दर दोन-तीन वेढ्यांनी ओढून घट्ट केलं आणि दोन्ही टोकं आत दाबून खिळ्याने पक्की केली. हे काम तुम्हाला शिकवायला नको! टोक लोंबतं ठेवू नका. खिळ्याचं डोकं बाहेर राहू देऊ नका.

मांजरं पाळणाऱ्यांना विचारून केलेल्या एका मोठ्या परदेशी पाहणीतही हेच दिसलं, उभा, उंच आणि दोर गुंडाळलेला खांब मांजरं जास्त वापरतात. पण मांदेली सतरंजीही ओरबाडत होती, म्हणजे तिला आडवी जागाही हवी होती. त्यासाठी काथ्याचं पायपुसणं आणलं आणि फळीवर ठोकून जमिनीवर ठेवलं. बाजारात पाच-सहा हजारांचे खांब मिळतात. आमचा सगळा खर्च मिळून पाचशेच्या आत बसला.

खांब ठेवायचा कुठे?

इथंच बहुतेक लोक चुकतात. खांब दिसायला बरा नाही म्हणून बाल्कनीत नाहीतर दाराआड ठेवतात. मांजर तिकडे जात नाही आणि आपण म्हणतो, "बघा, उपयोग नाही." खांब तिथंच ठेवा जिथं ती ओरबाडते. सोफ्याच्या फाटलेल्या कोपऱ्याला अगदी खेटून. सवय लागली की रोज थोडा थोडा सरकवून सोयीच्या जागी न्या. एकदम उचलून नेऊ नका.

त्याच वेळी सोफा तिला नकोसा झाला पाहिजे. फाटलेल्या कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. पंजाला चिकट लागलेलं मांजराला आवडत नाही. पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल किंवा जाड गुळगुळीत प्लास्टिकही चालतं. संत्र्या-लिंबाच्या ताज्या साली ठेवल्या तरी बरीच मांजरं लांब राहतात. सतरंजी धुऊन, गुंडाळून दोन महिन्यांसाठी कपाटात ठेवली. पडदे वर बांधले.

मावशी आधी कोपऱ्यात डांबरगोळ्या ठेवणार होत्या. तसं करू नका. डांबरगोळ्या, फिनेल, डेटॉल ही मांजराला विषारी आहेत, पायाला लागलं की ती चाटते. तिखट पूड तर नाहीच, ती डोळ्यांत जाते.

आणि मारू नका. पाणीही उडवू नका. ओरबाडलं की फटका, एवढं झालं की ती एवढंच शिकते, हा माणूस घरात नसताना ओरबाडायचं. त्याऐवजी खांबाला नखं लावली की लगेच सुक्या जवळ्याचे दोन-चार दाणे द्या, मिठाचा नको. मागाहून दिलेलं तिला समजत नाही. पंजे धरून खांबावर घासू नका, त्याने ती बिथरते. खांबाजवळ दोरीला काही बांधून तिला खेळवा. पंजा आपोआप दोरावर पडतो. खेळ संपला की दोरी उचलून ठेवा.

शेजारणीची मदत

शेजारच्या तेलुगू बाई रोज विचारायच्या, "पिल्ली कशी आहे?" मावशी सांगायच्या, "पिल्लू नाय ग, म्हातारी झाली ती!" मग कळलं, तेलुगूत मांजरालाच पिल्ली म्हणतात. दोघी खूप हसल्या.

त्या बाईंनी कुंडीतलं एक रोप उपटून आणलं. तेलुगूत कुप्पिंटाकू, आपल्याकडे खोकली. पावसाळ्यात वाटेच्या कडेला भरपूर उगवते, आपण तण म्हणून टाकतो. तिच्या ताज्या मुळाचा वास मांजराला वेड लावतो. परदेशात कॅटनिप नावाची वनस्पती विकतात, तसाच परिणाम. मुळं खांबाला बांधली, तर मांदेली येऊन गाल घासायला लागली, लोळली आणि पहिल्यांदा दोन्ही पंजे दोरात रुतवून अंग ताणलं. सगळ्याच मांजरांवर हा परिणाम होत नाही, तुमची नुसतीच बघत बसली तर घाबरू नका.

डॉक्टरांकडून नखांची टोकंही कापून घेतली. दोन-तीन आठवड्यांनी हे करावं लागतं. नखाचं पुढचं पांढरं टोकच कापायचं. आतला गुलाबी भाग जिवंत असतो, तिथं रक्त येतं. पहिल्यांदा डॉक्टरांकडून शिकून घ्या. टोकं कापली म्हणून ओरबाडणं थांबत नाही, पण नुकसान कमी होतं.

पुढे काय झालं?

आम्ही परत आलो. पहिल्या आठवड्यात लेकीचा फोन, "दादा, रात्री परत सोफ्याला गेली होती." आम्ही म्हटलं, टेप काढू नका, धीर धरा. दुसऱ्या आठवड्यात खांबाचा दोर जरा पिंजारल्यासारखा दिसायला लागला. जावयांना वाटलं दोर खराब झाला, बदलू या. बदलू नका म्हणून सांगितलं! पिंजारलेला दोर म्हणजे मांजराने तो आपला केला. त्यावर तिचा वास असतो.

नारळी पौर्णिमेला फोन केला तेव्हा सोफ्याला हात लागून महिना झाला होता. कोपऱ्याला जावयांनी नवं कापड लावून घेतलं, दाट विणीचं, मखमलीसारखं. ढिल्या, जाडसर विणीत नख अडकतं, दाट विणीत सहसा नाही. सतरंजीचे उपसलेले धागे मावशींनी स्वतः बसून सुईने आत ओवले. जाळं सांधणारा हात तो, त्याला सतरंजी काय जड! डाग थोडा दिसतो. जावयांनी ती आता त्यांच्या खोलीत पलंगावर घातलीय आणि दार लावून घेतात.

मावशी कोळीवाड्यात परत आलेल्या नाहीत. हैदराबादेत मृग लागला की मासळीबाजारात रेटारेटी होते, मृगाला मासे खायची तिथं रीत आहे. पुढच्या मृगाला जावयांबरोबर रामनगरला जाणार म्हणतात. मांदेलीला घरी ठेवून.

आपल्या वाड्यासाठी दोन गोष्टी

सध्या तुमच्या घरात, पडवीत जाळी असतील. मांजर तिथं झोपते, उंदीर लांब ठेवते, हे चांगलंच. पण तंगूसच्या बारीक जाळ्यात नखं अडकली की ती ओढते आणि दोघांचं नुकसान होतं, जाळं फाटतं आणि पाय चिरतो. बारीक जाळी गोणीत भरून किंवा उंच टांगून ठेवा आणि ढिगाशेजारी काथ्या गुंडाळलेला एक ओंडका उभा करा.

दुसरं, तंगूसचे तुकडे, सुतळीचे धागे, गळ, जाळी विणायच्या सुया खाली पडू देऊ नका. मांजराने धागा गिळला तर तो आतड्यात अडकून आतडं कापतो. शेपटीखाली धागा लोंबताना दिसला तर ओढू नका, थेट डॉक्टरकडे न्या.

तुटकं वल्हं, डोलकाठीचा तुकडा, काथ्याचा दोर आपल्याकडे पडलेलाच असतो. जळणात घालायच्या आधी एक खांब करून बघा. केला तर फोटो पाठवा, पेजवर टाकू. आणि तुमच्या घरात कोणी मांजर बाजारात सोडायचं म्हणत असेल, तर त्यांना हे वाचून दाखवा.

दर्या तुम्हाला भरभरून देवो. भेटू पुढच्या लेखात.